बारावीनंतर बिझनेसची पदवी: बीकॉम, बीएमएस की बीबीए? फॉर्म भरण्याआधीचा हिशोब

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोन-तीन दिवस मिठाई चालते आणि चौथ्या दिवसापासून धावपळ सुरू होते. मामूंचा मुलगा पुण्यात बीबीए करतोय, शेजारच्या खालांची मुलगी बीएमएसला आहे, दुकानाचा हिशोब बघणारे सीए म्हणतात, "साधं बीकॉम करा, बाकी सगळं फॅड आहे." प्रत्येक जण आपल्या अनुभवापुरतं खरं बोलत असतो. पण त्यांचा अनुभव बहुतेक वेळा पाच-दहा वर्षांपूर्वीचा असतो, आणि या शिक्षणाचे नियम २०२४ पासून बरेच बदललेत. म्हणून आम्ही ही माहिती एका जागी मांडतो आहोत. मूल बारावीत असेल तर ती उपयोगी पडेलच. दहावीत असेल तर जास्त उपयोगी पडेल.

नावं अनेक, अभ्यास पुष्कळसा एकच

आधी नावांचा गोंधळ. बीकॉम ही जुनी पदवी: हिशोब, अर्थशास्त्र, व्यापारी कायदा, कर. बीएमएस आणि बीबीए या व्यवस्थापनाच्या पदव्या: मार्केटिंग, मनुष्यबळ, वित्त, थोडा हिशोब, थोडी आकडेमोड, प्रेझेंटेशन्स आणि प्रोजेक्ट. मुंबई विद्यापीठात बीएमएस हे नाव रुळलं, पुण्याकडे बीबीए. दोन्हींच्या अभ्यासक्रमात फरक आहेत, पण नोकरी देणारा माणूस त्या दोन नावांत फारसा फरक करत नाही. तो कॉलेज पाहतो, गुण पाहतो आणि समोर बसलेलं पोर काय बोलतंय ते पाहतो.

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या कक्षेत आले. त्यामुळे महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली आणि प्रवेश कॅप फेऱ्यांतून होऊ लागले. पहिल्या वर्षी पुष्कळ पालकांना अशी परीक्षा आहे हेच माहीत नव्हतं. परीक्षा देणाऱ्यांपेक्षा जागा जास्त निघाल्या आणि शासनाला पुन्हा एकदा सीईटी घ्यावी लागली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी आपल्या बीएमएसचं नाव बदलून 'बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)' असं केलं. नावात बीकॉम आल्यामुळे तो अभ्यासक्रम सीईटीच्या बाहेर राहिला आणि प्रवेश पूर्वीसारखा बारावीच्या गुणांवर होऊ लागला. शिकवणारे तेच, वर्ग तेच, पुस्तकंही बरीचशी तीच. फरक फक्त दारात आहे. पण हा दारातला फरक तुमच्या खिशावर परिणाम करू शकतो, कारण फी माफीच्या काही योजना प्रवेश कोणत्या वाटेने घेतला यावर अवलंबून असतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. तूर्त एवढंच, की कॉलेजच्या खिडकीवर पहिला प्रश्न हा विचारायचा: "ही पदवी नेमकी कोणत्या नावाने मिळणार, आणि प्रवेश कॅपमधून की थेट?"

गणित की एसपी? हा निर्णय अकरावीत होतो

कॉमर्सला प्रवेश घेतला की बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत मुलांना एका कागदावर खूण करायला सांगतात: गणित, की एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस? मराठी माध्यमात याच विषयाला चिटणिसाची कार्यपद्धती म्हणतात. एसपीला गुण मिळतात, गणित डोकं खातं, मित्रमैत्रिणी एसपीकडे चाललेत, म्हणून पोरगं एसपीवर खूण करतं. घरी कुणी विचारतही नाही. उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावी केलेल्या मुलांच्या बाबतीत हे जास्त होतं. त्यांना अकरावीत एकदम इंग्रजीतून पुस्तपालन, अर्थशास्त्र, ओसी शिकायचं असतं. वर गणित नको, असं त्यांना वाटणं आम्ही समजू शकतो.

पण त्या एका खुणेने पुढे काय बंद होतं ते पाहा. दिल्ली विद्यापीठातल्या शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीजचं बीएमएस हा देशातल्या सर्वांत नावाजलेल्या आणि त्या मानाने स्वस्त अभ्यासक्रमांपैकी एक. तिथे प्रवेश सीयूईटीतून होतो आणि गणित लागतं. बारावीला गणित नसेल तर तो विषय तिथेच संपला. आयआयएमच्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाच्या परीक्षेत गणिती भाग मोठा असतो. सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर बिझनेस मॅथ्स, तर्क आणि संख्याशास्त्राचा. पदवीनंतर एमबीए करायचं म्हटलं तर कॅट असो की राज्याची सीईटी, आकडेमोड टळत नाही. एसपी घेऊनही सीए होता येतं, एमबीएही करता येतं, आणि हजारो मुलं करतात. फक्त त्यांना सुटलेलं गणित नंतर, क्लासची फी भरून, वयाच्या विसाव्या वर्षी पुन्हा शिकावं लागतं.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: मुलाला किंवा मुलीला दहावीत गणिताची अगदीच धास्ती नसेल तर अकरावीत गणित घ्यावं. बारावीला चार-पाच टक्के कमी पडले तरी चालतील. आपल्या भागात कॉमर्सचं गणित शिकवणारा चांगला मास्तर नसेल तर मात्र विचार करा. न शिकवलेलं गणित घेऊन नापास होण्यात शहाणपणा नाही.

सीईटीचं म्हणाल तर ती भीतीची परीक्षा नाही. नव्वद मिनिटांत १०० प्रश्न: इंग्रजीचे ४०, तर्क आणि आकडेमोडीचे ३०, सामान्य ज्ञानाचे १५, संगणकाच्या प्राथमिक माहितीचे १५. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. खरी अडचण दोनच: परीक्षा इंग्रजीतून आहे, आणि अर्ज बारावीच्या निकालाच्या बऱ्याच आधी भरावा लागतो. निकाल लागल्यावर बघू म्हणणाऱ्यांची गाडी सुटलेली असते. पोराने बीएमएसला जायचं ठरवलेलं नसलं तरी अर्ज भरून ठेवावा, दार उघडं राहतं.

खर्चाचा हिशोब तीन वर्षांचा करा

एकाच कॉलेजच्या एकाच इमारतीत दोन वर्ग शेजारी शेजारी चालतात. एक अनुदानित बीकॉमचा, त्याची वर्षाची फी काही हजारांत. दुसरा विनाअनुदानित बीएमएस किंवा बीबीएचा, त्याची फी त्याच्या कितीतरी पट. खासगी विद्यापीठात गेलात तर आकडा वर्षाला लाखांत जातो. पालक पहिल्या वर्षाची फी कशीबशी उभी करतात: कुणी कमिटीची भिशी उचलतो, कुणी सोनं मोडतो. मग दुसऱ्या वर्षी पेच पडतो.

समजा, एका खासगी संस्थेची फी वर्षाला दोन लाख आहे. तीन वर्षांचे सहा लाख. मूल बाहेरगावी राहणार असेल तर खोली, खाणावळ, प्रवास धरून आणखी तीन-चार लाख. म्हणजे दहा लाखांच्या आसपास. दुसऱ्या बाजूला घराजवळच्या अनुदानित कॉलेजचं बीकॉम: तीन वर्षांची फी, पुस्तकं, जोडीला टॅली आणि एक्सेलचा चांगला क्लास, इंग्रजी बोलण्याचा सराव आणि शेवटच्या वर्षी एमबीए सीईटीची तयारी. हे सगळं मिळून पहिल्या रकमेच्या पाव हिश्शातही बसतं. उरलेले पैसे एमबीएसाठी राहतात, आणि एमबीए कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर करता येतं. त्यासाठी बीबीएच लागतं हा गैरसमज आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की इथे ठळकपणे सांगतो: लागत नाही. कॅटला आणि राज्याच्या एमबीए सीईटीला साधारण ५० टक्क्यांची कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते, मागास प्रवर्गांसाठी अट आणखी सैल आहे. मुंबईच्या जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमसारख्या संस्थेत एमबीएला बसलेल्या मुलांत बीकॉमवाले असतात, इंजिनिअर असतात, बीएवालेही असतात.

आपल्याकडे बरीच घरं व्याजाचं कर्ज टाळतात. त्या घरांसाठी हा हिशोब आणखी महत्त्वाचा. कर्ज काढायचं नसेल तर पदवीचा खर्च कमी ठेवून पैसा पुढच्या शिक्षणासाठी राखणं हा व्यवहारी मार्ग आहे. ज्यांना कर्ज घ्यायचं आहे त्यांनी बँकेआधी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी.

महागडी संस्था वाईटच असते असं आमचं म्हणणं नाही. पण तिची जाहिरात वाचताना 'सर्वाधिक पॅकेज' या आकड्याकडे बघू नका. तो एका मुलाचा आकडा असतो. विचारा: मागच्या वर्षी शेवटच्या वर्षाला किती मुलं होती, किती जणांनी नोकरीसाठी नाव दिलं, किती जणांना मिळाली, आणि रांगेच्या मधोमध उभ्या मुलाला किती पगार मिळाला? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच. आणि विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या संकेतस्थळावर आहे का ते स्वतः पाहा. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करते. त्या यादीत आपल्या राज्यातल्या नागपूरचं एक नाव वर्षानुवर्षं आहे.

कागदपत्रं: इथेच जास्त मुलं अडकतात

आमच्या पाहण्यात गुणांमुळे जितकी मुलं मागे राहतात त्याहून जास्त कागदांमुळे राहतात. त्यामुळे इथे जरा थांबू.

पहिली गोष्ट नावाची. आधारवर शेखचं स्पेलिंग एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नुसतंच 'बी' किंवा 'बानो' लागलेलं. एरवी याने काही अडत नाही. पण महाडीबीटीचा अर्ज, क्रेडिट बँकेचं खातं, सीईटीचा अर्ज हे सगळं आधारशी जुळवलं जातं आणि तिथे एक अक्षर इकडे-तिकडे झालं की शिष्यवृत्ती लटकते. दहावीचं प्रमाणपत्र हा पाया धरा आणि बाकी कागद त्याच्याशी जुळवून घ्या. शाळेच्या दाखल्यातच चूक असेल तर मूल शाळा सोडण्याआधी दुरुस्त करा, नंतर ते काम फार जिकिरीचं होतं. आणि बँक खातं आधारशी जोडलेलं असायला हवं, कारण शिष्यवृत्तीचे पैसे तिथेच येतात.

दुसरी गोष्ट प्रवर्गाची. मुस्लिम समाज म्हणून महाराष्ट्रात शैक्षणिक आरक्षण नाही. २०१४ च्या अध्यादेशातलं ५ टक्के आरक्षण पुढे कायद्यात उतरलं नाही. पण जमात म्हणून आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, शिकलगार, मुलाणी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, छप्परबंद भटक्या-विमुक्तांत आहेत आणि तडवी अनुसूचित जमातीत. तरीही अनेक घरांत जातीचा दाखला नाही. कारण आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो शोधायला वेळ लागतो: आजोबांची, चुलत आजोबांची प्राथमिक शाळा, गावचा जन्म-मृत्यूचा रजिस्टर, जुनं खरेदीखत, महसुली नोंदी. हे काम जूनमध्ये सुरू करून जुलैत संपत नाही. मूल दहावीत असतानाच सुरू करायला हवं. दाखला मिळाल्यावर जात पडताळणी समितीकडे वैधता प्रमाणपत्र आणि जोडीला नॉन-क्रिमीलेअर. घरात काकांच्या किंवा आत्याच्या मुलाला वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत मागून घ्या, प्रकरण सोपं होतं. नात्यातली जुनी भांडणं या कामापुरती बाजूला ठेवा.

जे कुणी कोणत्याच यादीत नाहीत, म्हणजे खुल्या प्रवर्गातले आहेत आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएस आहे. आपल्या कोकणी, शेख, सय्यद, पठाण घरांतल्या कितीतरी लोकांना वाटतं की हे आपल्यासाठी नाही. आहे. तहसील कार्यालयातून प्रमाणपत्र मिळतं. राज्याच्या प्रवेशासाठी राज्याचा नमुना, आयआयएम किंवा दिल्ली विद्यापीठासाठी केंद्राचा नमुना, हे दोन वेगळे आहेत. ओबीसीचंही तसंच: राज्याच्या यादीतली जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी पाहावं.

अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांचं गणित निराळं. मुंबईत नागपाड्याचं महाराष्ट्र कॉलेज, ग्रँट रोडचं अंजुमन-ए-इस्लामचं अकबर पीरभॉय कॉलेज, वांद्र्याचं रिझवी, पुण्यात कॅम्पातलं पूना कॉलेज आणि आझम कॅम्पसमधलं आबेदा इनामदार कॉलेज, छत्रपती संभाजीनगरचं मौलाना आझाद कॉलेज. अशा संस्थांत समाजासाठी जागा राखून ठेवलेल्या असतात आणि प्रवेशाची कट-ऑफ त्यानुसार वेगळी लागते. त्यासाठी शाळेच्या दाखल्यावर धर्माची नोंद स्पष्ट असावी लागते. काही ख्रिस्ती किंवा भाषिक अल्पसंख्याक संस्थांत मात्र राखीव जागा त्यांच्या समाजासाठी असतात, तिथे 'मायनॉरिटी कॉलेज आहे ना' म्हणून फॉर्म भरणाऱ्यांची निराशा होते.

मुलींची फी

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने एक मोठा निर्णय घेतला: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आपल्या बऱ्याच मुली यात बसतात, कागद असले तर. पण अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. घाबरून मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर जागा घेतली की अशा योजना साधारणपणे लागू होत नाहीत. मागे म्हटलेला दारातला फरक तो हाच. एका कॉलेजचं बीएमएस कॅपमधून आहे आणि दुसऱ्याचं बीकॉम मॅनेजमेंट थेट आहे. मुलीच्या नावावर ईडब्ल्यूएस किंवा ओबीसीचं प्रमाणपत्र आहे. अशा वेळी सीईटी दिलेली असणं फायद्याचं ठरू शकतं. आपला अभ्यासक्रम आणि कॉलेज महाडीबीटीच्या यादीत येतं का, हे प्रवेश पक्का करण्याआधी पाहून घ्या. माफी शिकवणी आणि परीक्षा फीची आहे. ग्रंथालय, ओळखपत्र, विकास निधी असले आकार भरावेच लागतात.

मुलग्यांसाठी आणि इतर मुलींसाठीही महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, अल्पसंख्याक विभागाची राज्य शिष्यवृत्ती आहे. एका वेळी साधारण एकाच योजनेचा लाभ मिळतो, म्हणून जास्त फायद्याची निवडा. अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी अल्पसंख्याक मुलींसाठी शासकीय वसतिगृहं आहेत. "मुलीला शहरात कुठे ठेवायची" या एका प्रश्नावर शिक्षण थांबत असेल तर आधी तिथे चौकशी करा. एसएनडीटी हे मुलींचं विद्यापीठ १९१६ पासून चालत आलं आहे, वाणिज्य शाखा तिथेही आहे.

नव्या शैक्षणिक धोरणातली एक तरतूद मुलींच्या पालकांनी जरूर समजून घ्यावी. पदवी आता तीन वर्षांची किंवा ऑनर्ससह चार वर्षांची आहे. एका वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, आणि कमावलेले क्रेडिट बँकेत जमा. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. दुसऱ्या वर्षात निकाह ठरला, मूल झालं, सासर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, म्हणून शिक्षण कायमचं सुटायची आता गरज नाही. पण हे आपोआप होत नाही. थांबताना कॉलेजकडून कागद रीतसर घ्यायला हवा, क्रेडिट खात्यात चढलेत का ते पाहायला हवं. बोलणी करताना दोन्ही घरांत हा विषय निघाला तर उत्तमच. "शादीनंतर बघू" या वाक्यावर फार विसंबू नये.

चौथं वर्ष करावं का? एमबीए करायचं असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते. परदेशात मास्टर्सचा किंवा संशोधनाचा विचार असेल तर चौथं वर्ष कामाचं.

सीएची वाट

हिशोबात गोडी असलेल्या आणि चिकाटी असलेल्या मुलासाठी सीएइतका स्वस्त आणि मोठा मार्ग कॉमर्समध्ये दुसरा नाही. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, मग आर्टिकलशिप, मग फायनल. फाउंडेशन आता वर्षातून तीनदा होते. चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे आणि त्या काळात थोडा का होईना मोबदला मिळतो. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते. कॉमर्सची पदवी ५५ टक्क्यांनी पूर्ण केली तर फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला जाता येतं. म्हणजे बारावीला न सुचलेलं तीन वर्षांनीही सुचू शकतं.

पण निकालाचं प्रमाण कमी असतं आणि कितीतरी मुलं इंटरमिजिएटला अडकून पाच-सहा वर्षं घालवतात. म्हणून सीए करणाऱ्याने बीकॉम सोडू नये. कॉलेज जमत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. आखाती देशांत नोकरीचा विचार असलेल्या घरांनी मात्र दूरशिक्षणाची पदवी त्या त्या देशात चालते का हे आधी विचारून घ्यावं, आणि पदवीचं मूळ प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावं. साक्षांकनासाठी तेच लागतं, गुणपत्रिका चालत नाही.

आयआयएमचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम इंदूरला २०११ मध्ये सुरू झाला, नंतर रोहतक, रांची, जम्मू, बोधगया इथेही आला. फी मोठी आहे, पण अशा संस्थांत आर्थिक मदतीची सोय असते आणि हुशार मुलाने फीच्या आकड्याला घाबरून अर्जच न भरणं चुकीचं. तयारी अकरावीपासून लागते. दिल्लीच्या जामिया मिल्लियातही बीबीए आहे.

अब्बांचं दुकान असेल तर

आपल्या समाजात बेकरी, फर्निचर, भंगार, फळांची आडत, कपड्यांचं दुकान, गॅरेज असलेली घरं पुष्कळ. तिथे नेहमीचा सवाल: पोराला दुकानातच बसायचंय, मग पदवी कशाला? आम्ही उलट म्हणू, दुकान असलेल्या मुलाला बिझनेसची पदवी सर्वांत जास्त उपयोगी पडते, कारण त्याच्याकडे रोजची प्रयोगशाळा आहे. पहिल्या वर्षी शिकलेलं पुस्तपालन त्याने त्याच महिन्यात दुकानाच्या वहीवर लावून बघावं. उधारी किती दिवसांची आहे, कोणत्या मालावर खरंच नफा सुटतो, जीएसटी नोंदणीची वेळ आली आहे का. मालाच्या धंद्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा आहे, सेवेला २० लाखांची, आणि कितीतरी जण ती ओलांडूनही बेसावध असतात. दुकानाची उद्यम नोंदणी, साधी वेबसाइट, बँकेला दाखवायचा ताळेबंद ही कामं तिसऱ्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी करू शकते.

फक्त एक करू नका. नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांना क्रेडिट आहेत. त्यासाठी वडिलांच्याच दुकानाचं पत्र आणून देणं सोपं असतं आणि बरेच जण तेच करतात. त्यापेक्षा दुसऱ्याच्या पेढीवर, सीएच्या ऑफिसात, एखाद्या कारखान्याच्या खरेदी विभागात दोन महिने घालवू द्या. दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसल्याशिवाय आपल्या गल्ल्यातली गळती दिसत नाही.

तारखा

दहावीच्या सुट्टीत नावं आणि जातीचे पुरावे. अकरावीत गणिताची खूण. बारावीच्या दिवाळीनंतर सीईटी सेलच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला नजर. सीयूईटी आणि आयआयएमचे अर्जही त्याच सुमारास, निकालाआधीच निघतात. उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएस, नॉन-क्रिमीलेअर हे एप्रिल उजाडला की नव्या आर्थिक वर्षाचे काढावेत, मुदत संपलेले पुढच्या प्रवेशाला चालत नाहीत. निकालानंतर कॅपचा फॉर्म भरताना पसंतीक्रम घरी बसून, तीन वर्षांच्या फीचा कागद समोर ठेवून ठरवा. सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्याने ठरवू नका. तो माणूस भला असतो, पण फी त्याला भरायची नसते. फॉर्मचा पासवर्ड आणि मोबाइल नंबर मात्र स्वतःचाच द्या, कॅफेचा नको.

आणि प्रवेश झाला, पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती आली, म्हणून विसरू नका. महाडीबीटीचा अर्ज दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा, नूतनीकरण म्हणून भरावा लागतो. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका, फीची पावती, नवा उत्पन्नाचा दाखला. कॉलेजच्या फलकावर त्याची नोटीस लागते तेव्हा बहुतेक मुलं परीक्षेत गुंतलेली असतात, त्यामुळे ही तारीख अम्मी-अब्बांनी स्वतःच्या मोबाइलमध्ये लावून ठेवलेली बरी.